एकशे शहाऐंशी दिवस

सहदेव डुंबरे गेले ते फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, ओतूरच्या पलीकडच्या त्यांच्या गावच्या घरी. तेरावं उरकून मंजुळा मुलाबरोबर शहाडला परत आली आणि दोन-चार दिवसांतच तिच्या ध्यानात आलं, की घरातलं बोलणं बदललंय. मितेश म्हणायचा, बाबांना ही भाजी आवडायची. समोरच्या भीमाबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, फार शांत होते हो. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसानंही विचारलं, इथे ते काका राहायचे ना? कुणाचं काही चुकत नव्हतं. पण अडतीस वर्षं ज्या माणसाबद्दल आपण 'येतील इतक्यात', 'झोपलेत', 'त्यांना विचारून सांगते' असं बोलत आलो, त्याला सगळ्यांनी मिळून पंधरा दिवसांत मागे सारलं, असं तिला वाटायचं. मग ती त्यांच्याविषयी बोलायचंच टाळू लागली.

घरात तिच्याखेरीज कुणी नसायचं. सून रसिका बाळंतपणासाठी विठ्ठलवाडीला माहेरी गेली होती. मितेश सकाळी साडेसातला बाहेर पडायचा तो अंधार पडल्यावर घरी यायचा. सहदेवांचा मोबाइल टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला असे. एकदा मितेश म्हणाला, "आई, तो नंबर आता बंद करून टाकू या का? बँकेचं वगैरे सगळं मी माझ्या नंबरवर घेतलंय." मंजुळा म्हणाली, "राहू दे रे थोडे दिवस." त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

त्याच फोनवर सात मार्चला, गुरुवारी, स्वप्नाचा फोन आला.

स्वप्ना कोण, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं. सहदेव पस्तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून काम करत होते. रिटायर झाले आणि तिसऱ्या वर्षी लघवीतून रक्त गेलं. कॅन्सर निघाला, डावी किडनी काढावी लागली. पुढची दोन वर्षं बरी गेली, मग खोकला लागला तो हटेना. तपासलं तर त्याच आजाराच्या गाठी फुप्फुसांत निघाल्या. ठाण्याच्या ज्या हॉस्पिटलात दाखवत होते, तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता कापून काढण्यासारखं काही नाही, गोळ्यांनी रोखून धरायचं. नेहमीच्या गोळ्या आहेतच. पण एक नवीन औषध तयार होतंय. ते जुन्या गोळ्यांच्या जोडीला दिलं तर माणूस जास्त जगतो का, हे जगभर तपासून बघताहेत. तुम्हाला त्यात यायचं असेल तर या, सक्ती नाही.

त्याचे कागद मराठीत होते, चांगली बावीस पानं. सहदेवांनी ते दोन दिवस घालवून, पेन्सिलीनं खुणा करत वाचले. अर्ध्या लोकांना जुन्या गोळीसोबत नवी गोळी मिळणार होती. उरलेल्या अर्ध्यांना जुनीसोबत नुसती तशी दिसणारी, आत औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला कळणार नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. चिठ्ठ्या कॉम्प्युटर टाकणार.

"आणि तुम्हाला रिकामी गोळी आली तर?" मंजुळानं विचारलं होतं.

"तर जुनी आहेच की. ती तशीही मिळणारच होती."

"पण आपल्याला कळणार कसं?"

"कळू नये म्हणूनच तर अशी व्यवस्था केलीय. कळलं की माणूस आपल्या मनासारखं बघायला लागतो." आणि त्यांनी पानापानावर सही केली.

हॉस्पिटलात या सगळ्याची व्यवस्था बघणारी मुलगी म्हणजे स्वप्ना. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, कळव्याला राहणारी, भरभर बोलणारी. गोळ्यांच्या बाटल्या तीच द्यायची. उरलेल्या गोळ्या तीच परत मोजून घ्यायची. रोज कुठली गोळी किती वाजता घेतली ते लिहायला तिनं एक वही दिली होती. सहदेव त्या वहीत असं लिहायचे, जसं पूर्वी वर्कशॉपमधल्या जॉबकार्डावर लिहायचे. अक्षर बारीक, रेघ सरळ, कुठे खाडाखोड नाही. एकदा मुरबाडला लग्नाला गेले आणि रात्रीची गोळी विसरले. दुसऱ्या दिवशी मितेश म्हणाला, "बाबा, ती गोळी फेकून द्या आणि घेतली म्हणून लिहा. उगाच ट्रायलमधून काढून टाकतील." सहदेवांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'विसरलो'. मग म्हणाले, "मी माप चुकीचं दिलं, तर पुढचा माणूस त्या मापावर जे करेल ते सगळंच चुकीचं होणार. त्यात त्याचा काय दोष?"

चौदा महिने गोळ्या चालल्या. तळहात-तळपायांची सालं निघाली, तोंडाची चव गेली, बीपी वाढलं. जेवणात तिखट बंद झालं. पण खोकला थांबला होता आणि ते सकाळी उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन येत होते. दर वेळी परत आल्यावर मंजुळा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणायची, नवीच गोळी लागलीय तुम्हाला. ते म्हणायचे, तसं म्हणायचं नाही.

मग एका तपासणीत गाठी पुन्हा वाढलेल्या दिसल्या. नियमाप्रमाणे गोळ्या बंद झाल्या. शेवटच्या दिवशी स्वप्नानं वही परत घेतली आणि म्हणाली, "गोळ्या बंद झाल्या तरी मी काही तुम्हाला सोडणार नाही, काका. दर बारा आठवड्यांनी माझा फोन येईल. तुम्ही कसे आहात, दुसरं काही औषध चालू केलंय का, एवढं विचारायचं असतं."

डिसेंबरात पहिला फोन आला तेव्हा सहदेव स्वतःच बोलले. बराच वेळ बोलले, हसलेसुद्धा. जानेवारीत म्हणाले, गावी जाऊ या. मितेशनं गाडी केली, माळशेज घाट चढून ते सगळे गेले, आणि मग सहदेव परत आले नाहीत. ठाण्याला कुणी कळवलं नाही. गोळ्या बंद झाल्या म्हणजे तिथला संबंध संपला, अशी मितेशची समजूत होती.

तर सात मार्चला, सहदेवांना जाऊन अठरा दिवस झाले असताना, दुपारी फोन वाजला. मंजुळानं उचलला. पलीकडून तोच भरभर आवाज आला. "नमस्कार काकू, मी स्वप्ना. काका कसे आहेत?"

मंजुळानं सांगायला तोंड उघडलं होतं. काय सांगायचं ते तिच्या मनात तयारही होतं. अठरा दिवसांत तीच वाक्यं ती कितीजणांना बोलली होती. पण 'आहेत' हा शब्द तिच्या कानात पडला आणि तिला कसंतरीच झालं. उन्हातून आल्यावर कुणी हातात पाण्याचा तांब्या द्यावा, तसं. ती म्हणाली, "बरे आहेत."

"खोकला?"

"आहे थोडा."

"दुसरं काही औषध?"

"नाही. आता नको म्हणतात."

"बोलतील का माझ्याशी?"

"झोपलेत गं. आत्ताच डोळा लागलाय."

"असू दे असू दे, उठवू नका. काळजी घ्या, काकू. मी मेच्या शेवटी करीन परत."

फोन ठेवल्यावर मंजुळा उठून आतल्या खोलीच्या दारापाशी गेली. पलंगावर चादर घडी घालून ठेवलेली होती. ती दारातच उभी राहिली. आपण काय केलं हे तिला समजत होतं. लाजही वाटत होती. पण कितीतरी दिवसांनी त्या दुपारी तिला भूक लागली.

पुढचा फोन आला की खरं सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. एप्रिलच्या सातव्या दिवशी रसिकाला मुलगी झाली. नाव सान्वी ठेवलं. बारशाला सगळे म्हणाले, आजोबा असते तर. मंजुळा सगळ्यांच्या पाठीमागे उभी राहून ते ऐकत होती. मेच्या तीस तारखेला गुरुवार होता, तिनं आधीच बघून ठेवलेलं. त्या दिवशी सकाळी तिनं ज्वारीची भाकरी केली आणि मेथीची पातळ भाजी केली, लसूण घालून, तिखट न घालता. कशासाठी केली ते तिलाही सांगता आलं नसतं. फोन आला आणि स्वप्नानं विचारलं, काका जेवतात ना? मंजुळानं सांगितलं, आज भाकरी आणि मेथीची भाजी होती. भाजी झाली होती हे तर खरंच होतं.

मग तिला थांबताच येईना. तिनं सांगितलं, नात झालीय. स्वप्नानं पलीकडून आनंदानं विचारलं, काकांनी बघितली? मंजुळा म्हणाली, "बघितली म्हणजे काय, मांडीवरून खाली ठेवत नाहीत. मी म्हणते, दमाल. तर म्हणतात, हिचं वजन ते काय."

हे वाक्य तिनं कुठून आणलं कुणास ठाऊक. पण एकदा बोलून गेल्यावर ते चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. खिडकीजवळची प्लॅस्टिकची खुर्ची, त्यात बसलेले सहदेव, सोललेल्या तळहातांवर जपून धरलेलं बाळ. जूनमध्ये रसिका बाळाला घेऊन घरी आली. सान्वीला मंजुळा न्हाऊ घाली, तीट लावी आणि मनातल्या मनात त्या खुर्चीकडे नेऊन देई. ऑगस्टच्या फोनपर्यंत तिच्याकडे सांगायला बारा आठवड्यांचं साचलं होतं. ते पुलापर्यंत जातात, पण परत येताना रिक्षा करतात. पेपर वाचता वाचता झोपतात. सान्वी पालथी पडायला लागली तर त्यांनी जमिनीवर जुनी गोधडी टाकून घेतलीय. स्वप्ना ऐकत राहायची. मधेच तिकडे कुणी हाक मारली तरी ती म्हणायची, एक मिनिट काकू, बोला. फोन ठेवला की मंजुळाला दोन दिवस हलकं वाटायचं आणि मग त्याहून जास्त रितं. पुन्हा बारा आठवडे.

चौदा नोव्हेंबरला फोन आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. या वेळी स्वप्नाचा आवाज वेगळा होता, खुशीतला.

"काकू, झोपले असले तरी आज काकांना उठवा हं. मला त्यांच्याशीच बोलायचंय."

मंजुळानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या महिन्यात सगळं बंद होतंय," स्वप्ना सांगू लागली. "म्हणजे माहिती घेणं बंद. जगभरातले साडेसहाशे पेशंट आहेत. आता सगळ्यांचं एकत्र करून बघणार. नवीन गोळीवाले किती दिवस जगले आणि दुसरे किती दिवस. त्यावरच ठरणार ते औषध पुढे जाणार की नाही. आमच्याकडे बारा जण होते. त्यातले सगळ्यांत जास्त दिवस काकांचे झालेत. म्हणून डॉक्टर म्हणाले, या वेळी स्वतः पेशंटशी बोलून घे. नुसतं नातेवाइकांवर नको. फोनवर नको असेल तर व्हिडिओ कॉल करू या. मलापण बघायचंय त्यांना. आणि बाळाला."

"सगळ्यांत जास्त," मंजुळा म्हणाली.

"हो ना."

"म्हणजे त्या गोळीला चांगलं म्हणतील? ह्यांच्यामुळे?"

"काका कुठल्या गटात आहेत ते मलाही माहीत नाही, काकू. पण ज्या गटात आहेत, त्या गटाच्या नावावर ते दिवस धरणार."

"आणि एखाद्याचे चुकले तर?"

"एकाच्याने तसा फार फरक नाही पडत," स्वप्ना म्हणाली. "पण चुकीचं चालत नाही. प्रत्येकाचा एकेक दिवस धरतात."

मंजुळा म्हणाली, आत्ता ते बाहेर गेलेत, मंगळवारी कर. आणि फोन ठेवून दिला.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस ती कामात असायची खरी, पण तिचं लक्ष कशातच नव्हतं. तिला आतापर्यंत वाटत होतं की खोटं बोललो ते आपल्या दोघींत, आपण आणि ती पोरगी. आपल्याला चार घटका बरं वाटलं, कुणाचं काय बिघडलं? आता तिला ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या डे-केअर वॉर्डातल्या खुर्च्या आठवल्या. सलाईन लावून बसलेली माणसं. त्यातले एक बाबुराव होते, दर खेपेला लाडूचा डबा आणून सगळ्यांना वाटणारे. ते कधी यायचे बंद झाले हे कुणी बोललंच नव्हतं. उद्या त्या खुर्च्यांत दुसरी माणसं बसतील. त्यांना कुणी तरी सांगेल, ही गोळी घ्या, हिनं माणसं एवढे दिवस जगली. किंवा सांगेल, ही घेऊ नका, हिच्यात काही राम नाही. आणि त्या मोजणीत आपण मांडीवर बाळ देऊन बसवलेला एक माणूस असेल.

मुरबाडच्या लग्नानंतर वहीत लिहिलेलं ते 'विसरलो' तिला सारखं दिसत होतं. रविवारी तिनं कपाटातून ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला काढला, त्याची घडी पर्समध्ये घातली आणि सोमवारी मितेश गेल्यावर सान्वीला रसिकाकडे सोपवून ठाण्याला निघाली. रसिकाला म्हणाली, ओळखीच्या एका मुलीकडे जाऊन येते.

दुसऱ्या मजल्यावरची ती खोली होती तशीच होती. भिंतीला लागून फायलींची रॅक, कोपऱ्यात औषधांचा फ्रीज, त्यावर लाल आकड्यांत दिसणारं तापमान. स्वप्ना टेबलाशी बसून लिहीत होती. मंजुळाला पाहताच ती उठली आणि तिच्या मागे, दाराकडे बघू लागली.

"काका?"

मंजुळानं दाखला काढून तिच्या पुढ्यात ठेवला.

स्वप्नानं तो वाचला. पुन्हा वाचला. मग खाली बसली. "हे फेब्रुवारीचं आहे," ती म्हणाली.

"हो."

"मी मार्चमध्ये फोन केलेला."

"हो."

"मेमध्ये. ऑगस्टमध्ये. मी तुम्हाला विचारलं होतं, काकू. दर वेळी विचारलं." तिचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा पडला होता. "मी तीनदा लिहिलंय. जिवंत म्हणून. माझी सही आहे खाली."

"तुझी चूक नाही. मी सांगते डॉक्टरांना."

"का पण?"

येताना मंजुळानं पुष्कळ काही जुळवलं होतं, त्यातलं काही आता उपयोगाचं वाटेना. "तू विचारायचीस, कसे आहेत," ती म्हणाली. "दुसरं कुणी तसं विचारत नव्हतं. बाकीचे सगळे मलाच विचारायचे, तू कशी आहेस."

स्वप्ना उठून बाहेर गेली. पाच-दहा मिनिटांनी डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी दाखला पाहिला, चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, हे वरती कळवावं लागेल, चौकशी होईल, आमच्याकडूनही हलगर्जी झाली, आधीच प्रत्यक्ष भेटून खात्री करायला हवी होती. मग मंजुळाकडे वळून म्हणाले, "तुम्ही स्वतः आलात ते बरं केलंत. मोजणी झाल्यावर हे कळलं असतं तर निस्तरणं अवघड होतं." ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते गेल्यावर स्वप्नानं फाइल उघडली.

त्या तीन तारखा तीन पानांवर होत्या. स्वप्नानं पट्टी लावून पहिल्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारली.

"खोडून नाही टाकायचं?" मंजुळानं विचारलं.

"नाही. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, तारीख घालायची, सही करायची." तिनं तसं तिन्ही ठिकाणी केलं. मग एक नवा कागद ओढला. "आता मला काही विचारायचंय. फॉर्मच आहे तसा. चालेल ना?"

"विचार."

"कुठे गेले?"

"गावी. घरी."

"दिवस अठरा फेब्रुवारी. वेळ?"

मंजुळानं दाखल्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. दाखल्यावर नुसती तारीख होती. "आठ-पाच असेल. किंवा आठ-दहा. मला नक्की नाही सांगता यायचं."

"तुम्ही जवळ होतात?"

"होते," ती म्हणाली. आणि मग, "नव्हते."

स्वप्नानं पेन खाली ठेवलं.

"थंडी होती," मंजुळा सांगू लागली. "ते म्हणाले, मला बाहेर ओट्यावर बसव. पोरानं आणि दिरांनी खुर्चीसकट उचलून नेलं. ऊन आलं होतं. मी बाजूला पावट्याच्या शेंगा सोलत बसले. चार दिवस अन्न नव्हतं गेलं पोटात, पण त्या दिवशी चांगले बोलत होते. पावटा कुणाच्या शेतातला विचारलं. म्हणाले, ऊन बरं आहे आज. मग मला वास आला. आत चुलीवर दूध ठेवलं होतं. मी म्हटलं, आलेच. आत गेले, पातेलं खाली घेतलं, फडक्यानं पुसलं. उतू गेलेलं तेवढंही पुसत बसले. दोन मिनिटं म्हण, तीन म्हण. बाहेर आले तर..." तिनं आपली मान खांद्याकडे कलती केली. "मान अशी बाजूला. मला वाटलं, डोळा लागला. मी पुन्हा शेंगा सोलायला बसले. किती तरी शेंगा सोलल्या मी. मितेश आला तेव्हा त्याला कळलं."

हे तिनं मितेशलाही सांगितलं नव्हतं. दूध खाली घ्यायला दुसरं कुणीही गेलं असतं. घर भरलेलं होतं.

स्वप्ना उठून टेबलाला वळसा घालून आली आणि शेजारच्या स्टुलावर बसली. टेबलावरचा कागद आणि पेन तिनं जवळ ओढलं. मग स्वप्नानं हळूच विचारलं, "आठ-दहा लिहू?"

"लिही."

तिनं लिहिलं, आणि कॅल्क्युलेटरवर काही मोजलं. "ट्रायलमध्ये आल्यापासून काका पाचशे सत्त्याऐंशी दिवस होते," ती म्हणाली. "माझ्याकडे ऑगस्टपर्यंत सातशे त्र्याहत्तर धरलेले." तिनं दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. "एकशे शहाऐंशी दिवस तुम्ही त्यांना ठेवून घेतलंत."

ती हे बोलली त्यात टोमणा नव्हता. मंजुळानं डोळ्यांना पदर लावला.

निघताना तिनं विचारलं, आता तुझा फोन येणार नाही ना? स्वप्ना म्हणाली, कामाचा नाही येणार. त्यांची फाइल इथे बंद झाली. आणि मग, काही तरी कबूल करावं तसं, "मी पण वाट बघायचे, काकू. बाराही जणांचे फोन लावायचे म्हटलं की कुठल्या घरी काय ऐकावं लागेल, असं व्हायचं. म्हणून तुमचा शेवटी लावायचे."

त्या दिवशी संध्याकाळी मंजुळानं मितेशला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "तू मला सांगायचंस तरी." ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू मला बोलूच दिलं नसतंस." तो मान खाली घालून भाताचे घास घेत राहिला. थोड्या वेळानं ताट तसंच ठेवून उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. आपल्यालाच तेवढे सहदेव हवे होते असं आपण धरून चाललो होतो, हे मंजुळाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

स्वप्नाची चौकशी झाली, तिला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. हे मंजुळाला पुढच्या जुलैत कळलं, जेव्हा एका दुपारी तिच्या स्वतःच्या फोनवर अनोळखी नंबर आला. स्वप्नाच होती.

"सगळ्यांच्या चिठ्ठ्या उघडल्या, काकू. निकाल आला. डॉक्टर म्हणाले, ज्यांना ऐकायचंय त्यांना सांगायला हरकत नाही. तुम्हाला ऐकायचंय?"

मंजुळा पाळण्याची दोरी धरून बसली होती. ती म्हणाली, "सांग."

"औषध लागू पडतंय. सगळ्यांना नाही. पण नवीन गोळीवाल्यांचे काही महिने वाढलेत. बाजारात यायला अजून वेळ आहे, पण येईल असं म्हणतात."

"आणि हे?"

"काका दुसऱ्या गटात होते."

"म्हणजे रिकामी."

"जुनी गोळी खरी होती, काकू. ते चौदा महिने जुन्या गोळीचे आहेत. दुसरी रिकामी होती."

मंजुळाला सकाळी आठ आणि रात्री आठचा गजर आठवला. गजर झाला की सहदेव हातातलं सगळं सोडून उठायचे. दोन गोळ्या तळहातावर घ्यायचे, त्यातली ट्रायलची पांढरी गोळी उजेडाकडे धरून बघायचे आणि मग पाणी प्यायचे. चौदा महिने. दुसरी चिठ्ठी निघाली असती तर? काही महिने, स्वप्ना म्हणाली होती. फार नको, दोन धरले असते तरी एप्रिल आला असता.

"ते नसते तर कळलं नसतं," स्वप्ना सांगत होती. "त्या गटाशी ताडून बघितलं म्हणूनच नवीन गोळी चांगली हे सिद्ध झालं. काकांचे दिवस त्यात आहेत. खरे दिवस."

"हो," मंजुळा म्हणाली. "त्यांना पटलं असतं हे."

त्यांना खरंच पटलं असतं. कुठल्या देशातले किती, गट कसे पाडले, सगळं त्यांनी विचारून घेतलं असतं. आपल्याला हे ऐकून बरं वाटायला हवं, असं मंजुळाला वाटत होतं. कुणाच्या तरी घरात आता काही महिने जास्त मिळतील, आणि त्या घरातल्या बाईला ही सगळी उठाठेव माहीतही नसेल. बरं झालं, ती स्वतःशी म्हणाली, आणि ते मनापासून होतं. पण त्याच्या तळाशी दुसरंच काही होतं आणि ते हलत नव्हतं. माणूस जगाच्या काडीच्या उपयोगाचा नसता तरी चाललं असतं. घरात असता म्हणजे झालं.

तिनं स्वप्नाला एखाद्या रविवारी घरी ये म्हणून सांगितलं. स्वप्ना हो म्हणाली. फोन ठेवल्यावर सान्वी जागी होऊन रडू लागली, तशी मंजुळानं तिला कडेवर घेतलं आणि दोघी दूध आणायला खाली उतरल्या.